लघवीतल्या पेशीमुक्त डीएनए-आरएनएची चाचणी : भांड्यापासून पीसीआरपर्यंत

लघवीत पेशीमुक्त डीएनए, म्हणजे पेशींबाहेर मोकळा असलेला डीएनए, शोधायचा म्हटलं की चर्चा लगेच किटवर आणि पीसीआर मशीनवर (डीएनएच्या प्रती वाढवून तो शोधणारं यंत्र) जाते. चाचणी तरते किंवा बुडते ती मात्र त्याच्या कितीतरी आधी, नमुन्याच्या भांड्यात. त्या भांड्यात काय घालायचं, ते किती वेगाने फिरवायचं, किट कोणतं घ्यायचं, हे सगळं एका प्रश्नावर ठरतं : आपल्याला हवा असलेला डीएनए लघवीत आला कुठून?

आधी उगम ठरवा

उगम दोन आहेत. मूत्राशय, मूत्रवाहिन्या, प्रोस्टेट यांच्या अस्तरातल्या पेशी मरतात, फुटतात आणि त्यांचा डीएनए थेट लघवीत मिसळतो. यात लांब तुकडे भरपूर असतात, हजार बेसजोड्यांहून (बेसजोडी म्हणजे डीएनएच्या लांबीचं एकक) मोठेसुद्धा. दुसरा डीएनए रक्तातून मूत्रपिंडाची गाळणी ओलांडून येतो. तो आखूड असतो, बहुतेक वेळा शंभर बेसजोड्यांच्या आतबाहेर आणि पुष्कळदा त्याहूनही लहान.

याचा हिशेब साधा आहे. मूत्रपिंडाची गाळणी ढोबळमानाने ७० किलोडाल्टनपर्यंतचे रेणू सोडते. एका बेसजोडीचं वजन सुमारे ६६० डाल्टन, म्हणजे १०० जोड्यांचा तुकडा ६६ किलोडाल्टनचा. हिस्टोन प्रथिनांभोवती गुंडाळलेला १४७ जोड्यांचा डीएनए म्हणजे ११ नॅनोमीटर रुंदीची चकती, ती सहजी सुटत नाही. रेणूचा आकार आणि त्यावरचा ऋणभार यांनी हे गणित थोडं इकडेतिकडे होतं, पण दिशा तीच राहते.

रक्तातला डीएनए असा लघवीत उतरतो हे २००० साली बोटेझाटू आणि सहकाऱ्यांनी दाखवलं. पुरुषाचं रक्त चढवलेल्या स्त्रियांच्या लघवीत त्यांना वाय गुणसूत्राचे तुकडे सापडले, मुलगा पोटात असलेल्या गर्भवतींच्या लघवीतही सापडले. इथे भारतातल्या प्रयोगशाळांनी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. गर्भवतीच्या कुठल्याही द्रवातून गर्भाचं लिंग शोधणं १९९४ च्या पीसीपीएनडीटी कायद्याने गुन्हा आहे, आणि महाराष्ट्राने तर त्याच्याही आधी, १९८८ मध्ये, स्वतःचा कायदा केला होता. पुरुष तंत्रज्ञाच्या डीएनएची भेसळ पकडायला काही जण स्त्रियांच्या नमुन्यांवर वाय गुणसूत्राची चाचणी लावतात. गर्भवतींच्या नमुन्यांवर ती लावायची नाही, ‘फक्त कंट्रोल म्हणून’ सुद्धा नाही.

पुढच्या पायऱ्या दोन उदाहरणं धरून दिल्या आहेत. एक, मूत्राशयाच्या कर्करोगासाठी टीईआरटी जनुकाच्या प्रमोटरमधला (जनुक चालू-बंद करणाऱ्या भागातला) बदल, जो मूत्रमार्गातून येतो. दोन, फुफ्फुसाच्या क्षयरोगासाठी आयएस६११० हा जिवाणूचा तुकडा, जो रक्तातून गाळून येतो. हातातला विषय या दोघांपैकी कुणाच्या जवळचा आहे ते पाहा आणि त्याच्या मागे जा.

नमुना घेताना

सकाळची पहिली लघवी नको. ती रात्रभर ३७ अंशांवर डीएनए तोडणाऱ्या एन्झाइमांसोबत मूत्राशयात पडून असते, आणि त्या तापमानाला उघड्या डीएनएचं आयुष्य काही तासांचंच असतं. दुसऱ्या वेळची घ्यावी, दोन ते चार तास साठलेली. ४० ते ६० मिली पुरे.

मूत्राशयाच्या कर्करोगासाठी पूर्ण धार घ्या. क्षयरोगासाठी मधली धार बरी, कारण सुरुवातीच्या धारेत मूत्रमार्गाच्या तोंडाजवळच्या पेशी, आणि स्त्रियांमध्ये योनीतल्या पेशी, जास्त येतात आणि त्यांचा लांब डीएनए नमुन्यावर कब्जा करतो. एचपीव्हीच्या (गर्भाशयमुखाच्या कर्करोगाशी जोडलेल्या विषाणूच्या) तपासणीत मात्र नेमकी हीच पहिली १० ते २० मिली धार हवी असते. त्यामुळे ‘लघवी आणा’ एवढंच सांगून चालत नाही, रुग्णाला धार कोणती ते सांगावं लागतं. पाळीच्या दिवसांत नमुना घेऊ नये. तासाभरात लिटरभर पाणी प्यायला लावूनही घेऊ नये, त्याने सगळंच पातळ होतं.

भांडं हातात आल्यावर आधी एक-दोन मिली वेगळी काढून त्यात डिपस्टिक बुडवा. पांढऱ्या पेशी किंवा नायट्राइट दिसले तर संसर्ग आहे. पूमधल्या न्यूट्रोफिल पेशी (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) इतका डीएनए ओततात की ट्यूमरचा डीएनए त्यात दिसेनासा होतो. असा रुग्ण उपचारानंतर परत बोलवावा. काही रुपयांची ही पट्टी महागड्या पीसीआर प्लेटा वाचवते, तरी ती वगळली जाते हे न उलगडणारं कोडं आहे. याच वेळी क्रिएटिनिनसाठी एक मिली बाजूला ठेवा, पुढे लागेल.

ईडीटीए किती, आणि का तेवढंच

लघवीत डीएनेज-१ हे एन्झाइम भरपूर असतं. त्याला कॅल्शियम आणि मॅग्नेशियम लागतं, ईडीटीए नावाचं रसायन ते पकडून ठेवतं आणि एन्झाइम थांबतं. बऱ्याच पद्धतींत १० मिलिमोलर ईडीटीए लिहिलेलं असतं. साध्या लघवीला ते चालतं, दाट लघवीला पुरत नाही. लघवीत कॅल्शियम साधारण २ ते ५ मिलिमोलर, मॅग्नेशियम २ ते ३. उन्हाळ्यात कमी पाणी पिणाऱ्या माणसाच्या लघवीत दोघं मिळून आठ-दहाला टेकतात, आणि १० मिलिमोलर ईडीटीएतलं मोकळं असं काही उरतच नाही.

म्हणून ५० मिली लघवीला ०.५ मोलर, पीएच ८.० च्या ईडीटीएचे २ मिली घाला. अंतिम प्रमाण सुमारे १९ मिलिमोलर येतं. १ मिली घातलं तर ९.८. हे द्रावण भांड्यात आधीच घालून ठेवणं सगळ्यांत चांगलं, म्हणजे लघवी पडल्या क्षणी मिसळते. मात्र भांड्यावर ५० मिलीची खूण हवी आणि ‘आतलं पाणी ओतून टाकू नका’ असं मराठीत लिहिलेलं हवं. रुग्ण ते धुऊन आणतात, हे गृहीतच धरा.

दुसरी गोष्ट पीएचची, जी बरेच जण विसरतात. डीएनेज-२ नावाचं एक एन्झाइम आम्लात, पीएच ५ च्या आसपास, जोमाने चालतं आणि त्याला कुठलाही धातू लागत नाही. ईडीटीए त्याला रोखू शकत नाही. शिवाय कॅल्शियम पकडताना ईडीटीए हायड्रोजन आयन सोडतं, म्हणजे आम्लता उलट वाढते. त्यासाठी १ मोलर ट्रिस (पीएच स्थिर ठेवणारं द्रावण), पीएच ८.०, हेही १ मिली घाला आणि पट्टीने पाहा. पीएच ७ च्या खाली असेल तर आणखी अर्धा मिली. उपाशी राहणाऱ्या आणि मांसाहार जास्त असणाऱ्या रुग्णांत हे दुसरं ओतणं बहुधा लागतं.

फ्रिजमध्ये टाकण्याची घाई नको. आम्ल लघवी गार झाली की युरेट क्षार विटकरीसारख्या गुलाबी भुकटीच्या रूपात तळाशी बसतात आणि सोबत डीएनएही ओढून नेतात. अशी भुकटी दिसली तर भांडं दहा मिनिटं ३७ अंशांच्या पाण्यात ठेवा, विरघळेल. विरघळल्याशिवाय सेंट्रिफ्यूज करू नका.

ईडीटीए डीएनए वाचवतं, पेशी वाचवत नाही. पेशी हळूहळू फुटतच असतात. म्हणून ईडीटीए घातलेला नमुना दोन तासांत, फार तर चार तासांत सेंट्रिफ्यूजमध्ये गेला पाहिजे. विदर्भातल्या मे महिन्यात ग्रामीण केंद्रातून जिल्ह्याच्या ठिकाणी बाटली पाठवायची असेल तर हे जमत नाही. तिथे पेशींनाही स्थिर करणारं तयार परिरक्षक द्रावण विकत घ्यावं, किंवा केंद्रातच छोटं सेंट्रिफ्यूज ठेवून फक्त वरचं द्रव पाठवावं. दुसरा मार्ग स्वस्त पडतो.

फिरवणं आणि गोठवणं

पहिल्यांदा २,००० जी वर १० मिनिटं, खोलीच्या तापमानाला, ब्रेक कमी ठेवून. इथे ‘जी’ म्हणजे आरपीएम नव्हे. जी = ०.००००१११८ × त्रिज्या (सेंमी) × आरपीएमचा वर्ग. १६ सेंमी त्रिज्येच्या रोटरला २,००० जी साठी सुमारे ३,३४० आरपीएम लागतात. दुसऱ्या रोटरवर तोच आकडा लावला तर जी वेगळा येतो आणि दोन केंद्रांचे निकाल जुळत नाहीत.

वरचं द्रव पिपेटने काढा आणि तळाचे दोन-तीन मिली तिथेच सोडा. ओतून काढू नका, साका (तळाशी बसलेला गाळ) हलतो. काढलेलं द्रव पुन्हा १६,००० जी वर १० मिनिटं फिरवा, म्हणजे पेशींचे उरलेसुरले तुकडे आणि जिवाणू खाली बसतील. मूत्राशयाच्या कर्करोगात पहिला साका फेकू नका. ट्यूमरच्या अख्ख्या पेशी त्यातच असतात, आणि काही रुग्णांत बदल साक्यात सापडतो तर काहींत वरच्या द्रवात. दोन्ही वेगवेगळे तपासणं शहाणपणाचं.

मग ४ ते ५ मिलीच्या पॉलिप्रॉपिलीन नळ्यांत भरून उणे ८० अंशांवर. क्रम उलटा झाला, म्हणजे फिरवण्याआधी गोठवलं, की पेशी फुटतात आणि त्यांच्या केंद्रकातला लांब डीएनए द्रवात येतो. तो परत वेगळा करता येत नाही. असा नमुना क्षयरोगाच्या चाचणीसाठी बाद धरा.

डीएनए काढणं

सिलिका कॉलम आणि ग्वानिडिनचं द्रावण हा नेहमीचा मार्ग. ४ मिली वरचं द्रव, प्रोटिनेज-के (प्रथिनं तोडणारं एन्झाइम), कॅरियर आरएनए (थोडासा डीएनए वाया जाऊ नये म्हणूनचा जोड आरएनए) घातलेलं विघटन द्रावण, ६० अंशांवर ३० मिनिटं, मग बंधन द्रावण आणि आयसोप्रोपेनॉल, कॉलम, धुणं, सुकवणं, ५० मायक्रोलिटरमध्ये उतरवणं. किटसोबतची पुस्तिका पाळा, पण या जागा सांभाळून.

आखूड तुकडे सिलिकाला नीट चिकटायला अल्कोहोल जास्त लागतं. किटच्या पुस्तिकेत मायक्रोआरएनएसाठी (फार आखूड आरएनएसाठी) वेगळी पद्धत असेल तर क्षयरोगाच्या कामाला तीच वापरा. नेहमीच्या पद्धतीत ५०-६० जोड्यांचे तुकडे धुण्याच्या द्रावणाबरोबर निघून जातात आणि चाचणी ‘निगेटिव्ह’ येते. टीईआरटीसाठी नेहमीची पद्धत पुरते.

लघवीत युरिया शेकडो मिलिमोलर असतो आणि पीसीआरला तो सोसत नाही. धुण्याच्या पायऱ्या वाचवू नका. शेवटी कॉलम रिकामा फिरवून ५६ अंशांवर दहा मिनिटं पूर्ण सुकवा, कारण उरलेलं इथेनॉलही पीसीआर दाबतं. उतरवलेला डीएनए भिंतीला कमी चिकटणाऱ्या नळीत ठेवा.

प्रत्येक नमुन्यात माहीत असलेला कृत्रिम डीएनए घाला : ६० ते ८० जोड्यांचा, माणसात आणि जिवाणूत नसलेला, १०,००० प्रती. तो विघटन द्रावण मिसळल्यानंतर घालायचा. कच्च्या लघवीत घातला तर किट किती काढतं हे कळत नाही, एन्झाइम किती खातात तेवढं कळतं. शेवटी यातल्या किती प्रती परत मिळाल्या तेच तुमच्या किटचं खरं प्रगतिपुस्तक. प्रत्येक तुकडीत लघवीऐवजी शुद्ध पाणी घेतलेला एक कोरा नमुनाही सगळ्या पायऱ्यांतून न्या.

मोजायचं कसं

नॅनोड्रॉपवर (प्रकाश किती शोषला जातो त्यावरून मोजणाऱ्या यंत्रावर) विश्वास ठेवू नका. कॅरियर आरएनए त्याला डीएनएसारखाच दिसतो, आणि उरलेलं ग्वानिडिनही मापन बिघडवतं. फ्लुरोमीटरवर दुहेरी डीएनएचा संवेदनशील डाय वापरा, किंवा मानवी जनुकाचे दोन पीसीआर लावा : एक ६०-८० जोड्यांचा, दुसरा २००-२५० चा. लांब-आखूडचं गुणोत्तर वाढलेलं असेल तर पेशी फुटल्या आहेत. क्षयरोगाचा नमुना वापरायचा की नाही हे ठरवायला हे गुणोत्तर रकमेपेक्षा जास्त कामाचं.

एका मानवी जीनोमची एक प्रत ३.३ पिकोग्रॅमची, म्हणजे १ नॅनोग्रॅममध्ये सुमारे ३०० प्रती. १० नॅनोग्रॅममध्ये ३,०००. बदल ०.१ टक्का असेल तर नमुन्यात त्याच्या तीनच प्रती. तीनची अपेक्षा असताना हाती शून्य लागण्याची शक्यता ५ टक्के. आणि वाचवून ठेवू म्हणून निम्माच डीएनए टाकला तर दीडची अपेक्षा, शून्याची शक्यता २२ टक्के. मशीन कितीही महाग असलं तरी नळीत नसलेली प्रत ते दाखवणार नाही. संवेदनशीलता वाढवायची तर जास्त लघवी घ्या, हाच उपाय.

पीसीआर : लांबीच सगळं ठरवते

८० जोड्यांच्या तुकड्यावर ४० जोड्यांचा पीसीआर लागण्याची संधी ४१ जागा भागिले ८०, म्हणजे जवळपास निम्मी. ७० जोड्यांचा घेतला तर १४ टक्के. १०० चा घेतला तर शून्य. थुंकीसाठी बनवलेला क्षयरोगाचा पीसीआर जसाच्या तसा लघवीवर लावून ‘लघवीत काही नसतं’ असं म्हणणाऱ्यांचं इथेच चुकतं. २००८ मध्ये कान्नास आणि सहकाऱ्यांनी १२९ जोड्यांचा नेस्टेड (एकात एक दोन फेऱ्यांचा) पीसीआर लावून फुफ्फुसाच्या क्षयाच्या ४३ पैकी ३४ रुग्णांच्या लघवीत जिवाणूचा डीएनए दाखवला होता. पुढच्या गटांनी हे लक्ष्य ४० जोड्यांच्या आसपास आणलं.

४० जोड्यांत दोन प्रायमर (लक्ष्याच्या दोन टोकांना चिकटणारे आखूड तुकडे) बसले की प्रोबला (मधे चिकटून खूण दाखवणाऱ्या तुकड्याला) जागाच उरत नाही. मग एलएनए (घट्ट चिकटणारे सुधारित) बेस घातलेले आखूड प्रायमर आणि आखूड प्रोब, किंवा डाय वापरून वितळण्याचा आलेख, असे पर्याय उरतात. डायच्या पद्धतीत प्रायमर-डायमरची (प्रायमर एकमेकांनाच चिकटून बनलेल्या तुकड्याची) लांबी खऱ्या उत्पादनाच्या जवळ असते, दोघांचे वितळण्याचे शिखर वेगळे आहेत याची आधी खात्री करा.

भारतासाठी एक खास अडचण आहे. दक्षिण भारतातल्या काही क्षयजिवाणूंमध्ये आयएस६११० ची एकच प्रत असते किंवा एकही नसते. म्हणून जोडीला आयएस१०८१ लावा. आणि क्षयाचं कल्चर चालतं त्या खोलीत हा डीएनए काढू नका, हवेतली भेसळही पुरते. बाजारातली लघवीवरची लॅम पट्टी हे वेगळं प्रकरण आहे. ती जिवाणूच्या भिंतीतला पदार्थ शोधते, डीएनए नाही.

टीईआरटीकडे वळू. सी२२८टी आणि सी२५०टी ही नावं जुन्या मानवी जीनोम नकाशातल्या पाचव्या गुणसूत्रावरच्या जागांचे शेवटचे तीन अंक. दोन्ही बदलांनी तयार होणारा ११ बेसांचा क्रम एकच असतो, त्यामुळे एकाचा प्रोब दुसऱ्याला कमीजास्त चिकटू शकतो. दोन्हींचे माहीत नमुने प्रत्येक प्लेटवर ठेवा. या भागात जी आणि सी या बेसांची इतकी गर्दी आहे की ड्रॉपलेट पीसीआरमध्ये (नमुना हजारो थेंबांत वाटून केलेल्या पीसीआरमध्ये) धन आणि ऋण थेंब वेगळे पडत नाहीत, मधे धुक्यासारखा पट्टा दिसतो. ७-डीएझा-डीजीटीपी (जी बेसच्या घटकाचा बदललेला प्रकार) घातल्यावर तो बराच निवळतो.

दुसरा सापळा : हा बदल सी चा टी होण्याचाच आहे, आणि जुन्या, तापलेल्या, आम्लात राहिलेल्या डीएनएमध्येही सायटोसिनचं युरॅसिल होऊन नेमका हाच बदल भासतो. पीसीआरपूर्वी युरॅसिल-डीएनए ग्लायकोसिलेजची (युरॅसिल कापून काढणाऱ्या एन्झाइमची) प्रक्रिया द्या. मिथिल चिकटलेला सायटोसिन थेट टी होतो, तो यातून सुटतो. म्हणून निरोगी लोकांच्या निदान २० नमुन्यांवर तीच चाचणी चालवून तुमच्या प्रयोगशाळेची पार्श्वभूमी ठरवा आणि मर्यादा त्याच्या वर ठेवा. ‘एक थेंब दिसला म्हणजे पॉझिटिव्ह’ असं करू नका.

आरएनए : वेगळा खेळ

आरएनेजला (आरएनए तोडणाऱ्या एन्झाइमला) धातू लागत नाही, म्हणून ईडीटीए त्याचं काही वाकडं करू शकत नाही. लघवीत मोकळा आरएनए मिनिटांत संपतो. टिकतो तो पुटिकांच्या (पेशींनी सोडलेल्या सूक्ष्म पिशव्यांच्या) आत, म्हणजे एक्सोसोममध्ये, किंवा प्रथिनाला बिलगलेला मायक्रोआरएनए. म्हणजे खरं काम पुटिका शाबूत ठेवण्याचं. ग्वानिडिन आधी घालू नका, पेशी आणि पुटिका एकदमच फुटतील.

इथला मुख्य त्रास टॅम-हॉर्सफॉल प्रथिनाचा. ते जाळीसारखं गोठतं, पुटिका अडकवतं आणि १७,००० जी वर त्यांना घेऊन खाली बसतं. थंडीत आणि कॅल्शियम असताना ते जास्त गोठतं, म्हणून ईडीटीए इथेही उपयोगी पडतं आणि पहिलं फिरवणं खोलीच्या तापमानाला करायचं. १७,००० जी चा साका २०० मिलिग्रॅम प्रति मिली डीटीटीमध्ये (प्रथिनांतले बंध तोडणाऱ्या रसायनात) ३७ अंशांवर ५ ते १० मिनिटं ढवळा, पुन्हा त्याच वेगाने फिरवा आणि दोन्ही वेळचं वरचं द्रव एकत्र करा. मग २,००,००० जी वर एक तास. अल्ट्रासेंट्रिफ्यूज नसेल तर ०.८ मायक्रोमीटरच्या गाळणीतून काढून पुटिका पकडणारा पडदा-कॉलम वापरा. २० मिली लघवी घ्या.

कृत्रिम सीईएल-एमआयआर-३९ (माणसात नसलेला, कृमीतला मायक्रोआरएनए) विघटनानंतरच घाला. पॉली-ए कॅरियर आणि पॉली-ए शेपटी लावून सीडीएनए (आरएनएवरून बनवलेला डीएनए) करण्याची पद्धत एकत्र वापरू नका, सगळा अभिकर्मक कॅरियरच खाऊन टाकतो. लघवीत रक्त असेल तर एमआयआर-४५१ए आणि एमआयआर-१६ लाल पेशींतून येतात, रोगातून नव्हे.

भाजक कोणता घ्यायचा याचा धडा प्रोस्टेट कर्करोगासाठीच्या पीसीए३ चाचणीने दिला. अमेरिकेच्या एफडीएने २०१२ मध्ये तिला मंजुरी दिली. गुदद्वारातून प्रोस्टेट दाबल्यावरची पहिली २०-३० मिली लघवी घेतात, त्यातली २.५ मिली चार तासांत वाहक द्रावणात मिसळतात, आणि पीसीए३ भागिले पीएसए या प्रोस्टेटच्या प्रथिनाचा एमआरएनए गुणिले १,००० असा आकडा काढतात. मर्यादा २५. ही अख्ख्या लघवीची चाचणी आहे, पेशीमुक्त नव्हे, तरी तिची मांडणी उचलण्यासारखी : पीएसए एमआरएनए पुरेसा नसेल तर निकाल ‘निगेटिव्ह’ न देता ‘अवैध’ देतात, कारण प्रोस्टेटचा माल नळीत आलाच नाही. जीएपीडीएच या जनुकाचा आरएनए सगळ्याच पेशींत असतो, त्याला भाजक केलं की ही गोष्ट झाकली जाते.

निकाल लिहिताना

टीईआरटीचा निकाल बदल झालेल्या प्रतींची टक्केवारी आणि एकूण प्रती या दोन्ही आकड्यांत द्या. एकूण प्रती हजाराच्या खाली असतील तर ‘बदल आढळला नाही’ असं लिहू नका, ‘नमुना अपुरा’ लिहा. प्रति मिली आकडा द्यायचा असेल तर क्रिएटिनिनने भागा, आणि क्रिएटिनिन २० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली असेल तर लघवी फार पातळ आहे, दुसरा नमुना मागवा.

पॉझिटिव्ह टीईआरटी आणि स्वच्छ सिस्टोस्कोपी (दुर्बिणीतून मूत्राशयाची तपासणी) अशी जोडी आली तर लगेच चाचणी चुकली असं समजू नये. इराणच्या गोलेस्तान प्रांतातल्या समूहाच्या अभ्यासात, जो २०२० मध्ये प्रसिद्ध झाला, काही रुग्णांच्या लघवीत हा बदल निदानाच्या दहा वर्षं आधी साठवलेल्या नमुन्यातही सापडला होता. अशा रुग्णाची माहिती मूत्ररोगतज्ज्ञाला द्या, सिस्टोस्कोपी पुन्हा कधी करायची ते तो ठरवेल. क्षयरोगात उलट : लघवी निगेटिव्ह आली म्हणून थुंकीची तपासणी थांबवायची नाही. कृत्रिम डीएनएच्या दहा टक्क्यांहून कमी प्रती परत मिळाल्या असतील तर तो निकाल बाहेर जाऊच देऊ नका, उणे ८० मधली दुसरी नळी काढा.